रहीमनं सोडलेला घोटा

मुरुम, १३ जानेवारी १९६२

हुतूतूच्या सामन्यात रहीमनं चढाईला आलेल्या गड्याचा पकडलेला घोटा सोडला आणि आम्ही हरलो. हा माझा जुना विद्यार्थी, पकडीला पक्का. सोलापूरच्या गिरणीचा माणूस त्याला संघासाठी पाहायला आला होता. त्याला न घेताच गेला.

मी झापलंच. "नोकरी घालवलीस! का सोडलंस रे?"

"बाई, त्याचं हाड वाजलं माझ्या हातात."

"आम्हाला नाही ऐकू आलं."

"तुमी लई ओरडत होता, बाई."

खरंच. 'सोडू नको' म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते.

आता गिरणीला शिफारसपत्र लिहिते आहे. घोटा घामानं निसटला असं लिहिलं, तर कदाचित घेतील त्याला. लिहावं का? नाही. त्यानं सोडला, असंच लिहीन. का सोडला, तेही.