डबीवरच्या तीन वस्तू

दि. ९ जानेवारी, सकाळ

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. म्हणजे गुडघे सोडून बाकीची बरी आहे, आणि गुडघ्यांना पत्रात आणायचं नाही असं मी ठरवलंय. तू मात्र बरी आहेस असं तुझ्या लेकीच्या फोनवरून वाटलं नाही. पण ते मागाहून.

आधी माझे ओठ. यंदाच्या थंडीत त्यांना अशा भेगा पडल्यात की हसलं की रक्त येतं. सुदैवाने हसण्यासारखं फारसं काही घडत नाही. शेवटी दुकानातून लिपबामची कांडी आणली. पुढे ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’, आणि मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एकोणीस नावं. चौतीस वर्षं मी इस्पितळाच्या फार्मसीत काढली, तरी त्यातली सहा मला वाचता येईनात. वर वास स्ट्रॉबेरीचा! या वयात बाईने तोंडाला फळं फासून हिंडायचं का? दोन दिवस लावली आणि फेकली. ओठ होते तसेच, फक्त सुगंधी.

वरच्या मजल्यावरच्या सूनबाई तर रोज नवा उपाय घेऊन जिना उतरायच्या. "काकू, साखर नि लिंबू चोळा. मेलेली त्वचा सगळी निघून जाते."

"जिवंतसुद्धा निघते," मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही. गालांना लिंबू लावून गच्चीवर उन्हात बसली, आणि आता दोन्ही गालांवर तपकिरी नकाशे उमटलेत. परवा रडवेली होऊन म्हणते, "पण काकू, नैसर्गिकच होतं ना हो?"

"विंचूही नैसर्गिकच असतो," मी म्हटलं. तेव्हापासून जिन्यात भेटली की मान वळवते. खरं बोललं की लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. आणि खरं नाही बोललं की... असो.

तर तुझी लेक. तिने सगळं सांगितलं. स्टेशनाजवळ साबणांचं दुकान चालवणारी बाई तुझ्याकडे महिन्याला तीस डब्या मागतेय, आणि तू नाही म्हणतेस. लेक म्हणाली, "मावशी, आई मेण वितळवते, तेल तीनदा वजन करून घालते, थंड बशीवर थेंब टाकून बघते, सगळं नीट जमलेलं असतं, आणि मग ती ते फेकून देते. म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही. तूच सांग तिला. तुझं ती ऐकते."

माझं ऐकतेस! ऐकलंस म्हणूनच ही वेळ आली.

ठमे, हा काय मूर्खपणा चालवलायस? पाच वर्षं झाली त्या गोष्टीला. शनिवारच्या बाजारात तुझं टेबल होतं. मेण, बदामाचं तेल आणि त्यात मुरवलेल्या झेंडूच्या पाकळ्या, एवढंच तुझं मलम. लोक रांग लावून न्यायचे. एकदा, फक्त एकदा, त्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजले. दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा कार्यक्रम होता, तो गेला. त्याने येऊन टेबलावर डबी आपटली. भर बाजारात ओरडला. मान्य. पण एका डबीवरून बाईने जन्मभराचा हात आखडून घ्यायचा?

तेव्हा मीही तिथे होते. मी काय बोलले ते तुला आठवत असेल.

दूधवाल्याने बेल वाजवली. थांबते.

दि. ११ जानेवारी

दूधवाला वगैरे कुणी आलं नव्हतं.

दोन दिवस हा कागद टेबलावर पडलाय आणि मी त्याच्याकडे पाठ करून चहा पितेय. शाळेत शिवणाच्या तासाला आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर काय करायच्या, आठवतं? कशिदा हातात घेतला की पुढून बघायच्याच नाहीत. "पुढून सगळ्यांचाच छान असतो. उलटी बाजू दाखव." तुझी उलटी बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ असायची. माझ्या उलट्या बाजूला गाठीच गाठी. आईच्या आजारपणात शाळा सुटली तुझी, आणि प्रमाणपत्रं मिळाली मला. आता ही घे उलटी बाजू.

त्या ट्रम्पेटवाल्याच्या डबीत तीन नव्हे, चार वस्तू होत्या. चौथी मी घातली होती.

तू मेण वितळवत होतीस. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात होती, मी नेहमीप्रमाणे तुझ्या डोक्यावर उभी राहून "वजन कर, वजन कर" म्हणत होते. खरोखरच दाराची बेल वाजली आणि तू गेलीस. मागच्या खेपेचं मलम थोडं रवाळ झालं होतं, म्हणून मी पिशवीतून माझी बरणी काढली. लोकरीची चरबी, आम्ही लॅनोलिन म्हणतो ते. टाचांना लावायला जवळ ठेवायची मी. चांगले दोन चमचे भरून घातले, ढवळलं, आणि तू परत आलीस तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. तू थंड बशीवर थेंब टाकलास, बोटाने ढकललास आणि म्हणालीस, "अगं ताई, आज किती मऊ झालंय बघ!" तुझा चेहरा मला अजून दिसतो.

रवाळपणा हे निमित्त झालं. खरं कारण ओशाळवाणं आहे. आदल्या शनिवारी एक म्हातारी तुला म्हणाली होती, "बाई, तुझ्या हाताला गुण आहे." माझ्यासमोर. चौतीस वर्षं मी खिडकीतून बाटल्या दिल्या, मिलिग्रॅमची चूक केली नाही, आणि मला कुणी एवढंही म्हटलं नाही. लोक चिठ्ठी सरकवायचे, औषध घ्यायचे, निघून जायचे. आणि तू, बोटाने अंदाज घेणारी, तुझ्या हाताला गुण! म्हटलं, निदान एक खेप तरी माझ्यामुळे चांगली होऊ दे.

त्या दिवशी बाजारात तो माणूस काय ओरडला होता, तुला शब्दन्‌शब्द माहीत आहे, फक्त अर्थ कळला नव्हता. "मला लॅनोलिन चालत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय! तुमच्याकडून घेतो ते डबीवर तीनच वस्तू लिहिल्यात म्हणून!"

तू रडकुंडीला येऊन म्हणालीस, "तीनच आहेत हो, शपथ."

मला त्या क्षणी सगळं कळलं. डबीवरची ती तीन नावं माझ्याच अक्षरात होती, शाळेत बक्षीस मिळालेल्या त्या वळणदार अक्षरात. आणि मी तोंड उघडलं ते काय म्हणायला? "तरी मी सांगत होते, अंदाजपंचे कारभार कधीतरी अंगाशी येणारच." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतात.

नंतर सांगेन म्हटलं. मग तू टेबल मांडायचं बंद केलंस, आणि सांगणं आणखी जड झालं. मग तू माझ्याकडे येणंही कमी केलंस, आणि मी चारचौघांत म्हणायला लागले की ठमी मानी आहे, खरं बोललेलं तिला सोसत नाही. खाई त्याला खवखवे. गेली पाच वर्षं माझा घसा खवखवतोय.

काल मी त्या ट्रम्पेटवाल्याकडे गेले. हो, तुझ्या आधी त्याला सांगितलं. परक्यासमोर नाक कापून घेणं सोपं असतं. पत्ता बँडवाल्यांकडून मिळाला. एका गाळ्यात मुलांना शिकवतो. चार पोरं गाल फुगवून एकच सूर चार तऱ्हांनी चुकवत होती. त्याने त्यांना बाहेर पाठवलं आणि मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्याने हातातला ट्रम्पेट खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे मी पाच वर्षं चुकीच्या बहिणीवर रागावलो होतो?"

"हो."

"मग आता तुमच्यावर नव्याने सुरुवात करू?"

"करा. मी बसते," म्हटलं आणि स्टुलावर बसले. गुडघे.

रागावला तो. चांगला रागावला. तो कार्यक्रम गेल्यामुळे त्याला मोठ्या बँडने घेतलं नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ते मी भरून देऊ शकत नाही, तसं त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "तुमच्या बहीणबाई तीनदा आल्या होत्या माझ्याकडे. दारात उभ्या राहून म्हणायच्या, माझंच काहीतरी चुकलं असणार, मला कळत नाहीये, पण माफ करा. तिन्ही वेळा मी दार लावून घेतलं."

तीनदा, ठमे! कशाला गेलीस? जे केलंच नाहीस त्याची माफी मागत दारोदार हिंडायचं ही कुठली रीत? एकदा तरी माझ्या अंगावर धावून आली असतीस, "ताई, तू काही घातलंस का?" असं दरडावून विचारलं असतंस, तर मी त्याच दिवशी कबूल झाले असते. नसते झाले कदाचित. पण तुला विचारावंसंही वाटलं नाही, एवढा माझ्यावर विश्वास, याचाच मला पाच वर्षं राग येतोय.

तर आता ऐक, आणि या वेळी खरोखर ऐक. तुझा हात कधीच चुकला नव्हता. त्या खेपेलाही नाही. हा माझा पेशा आहे, आणि हे मी औषधं ओळखणारी बाई म्हणून सांगतेय, बहीण म्हणून नव्हे. सोबत साबणवाल्या बाईंसाठी एक पत्र जोडलंय. काय घडलं, कुणी घातलं, सगळं आहे, खाली माझी सही आणि जुना नोंदणी क्रमांक. बाजारातल्या कुणालाही दाखव. तुझ्या लेकीला आधी दाखव, म्हणजे ‘तुझं ती ऐकते’ असं मावशीला सांगणं ती बंद करेल.

निघताना ट्रम्पेटवाला दारापर्यंत आला. "करतात का त्या अजून?" म्हणाला. "थंडीत ओठ फाटतात. त्यांच्यासारखं मलम पुन्हा मिळालं नाही." त्याला एक डबी हवी आहे, ठमे. तीन वस्तूंची. वजनकाटा माळ्यावर टाक आणि बशी काढ. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. लेबलंही लिहिणार नाही. तुझ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात तूच लिही, ते खरं असतं.

मला क्षमा कर असं मी लिहीत नाही, कारण तू लगेच करशील, आणि ती मला फुकट नकोय. आधी ये आणि कडाकडा भांड. येताना दुसरी एक डबी आण. माझेही ओठ फाटलेत, आणि आता काही लपवायचं उरलेलं नसल्याने ते मिटून ठेवायची सोय राहिलेली नाही.

डबीवर न लिहिलेली चौथी वस्तू,
तुझी ताई