दोन्ही डोळे एकाच बाजूला

माय, तू भिंतीवर काढायचीस तो मासा आज सापडला. पुस्तकात.

माझी नात समुद्रातल्या माशांचं शिकायला रत्नागिरीला चालली आहे. किनाऱ्याचे मासे ओळखायची तीन पुस्तकं तिनं नागपूरहून आणली. एक ठेवायचं, बाकीची परत. दुपारी अड्याळच्या आपल्या याच घरात ती माझ्यापुढे मांडून म्हणते, "आबाजी, तुम्हीच निवडा. तुमाले पुस्तकांचा नाद." एकात बर्फावर निजवलेल्या माशांचे फोटो, सगळ्यांचे रंग उडालेले. दुसऱ्यात हातानं रंगवलेली चित्रं, शाळेतल्या कवितेच्या पानावर असायची तशी. मी त्यातच रमलो. तिसऱ्यात नुसते प्रश्न. उत्तर द्यायचं, ते सांगेल त्या पानावर जायचं, असं करत माशाच्या नावापर्यंत पोचायचं. "कामाचं हेच दिसते," ती म्हणाली आणि इंग्रजीतला पहिला प्रश्न मराठीत करून वाचला, "दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. डोळ्यांपुढे माझं लहानपण आलं: दिवाळी तोंडावर आली आहे, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर तू तांदळाच्या पिठानं मासा काढते आहेस, मी चुलीपुढे समुद्राची कविता चालीवर म्हणतो आहे, आणि दारातून बाबा हसतात, "काहून वो, दोन्ही डोळे एकाच बाजूले? असा मासा राह्यते का?" तू मानही वर करत नाहीस. "पाह्यला तसा काढला. तलावाच्या काठाले गाळात पडून मलेच पाहून राहिला होता." "अन् शेपटी?" "नाही त्याले." त्यानंतर तुला तलावावर एकटीला कुणी जाऊ दिलं नाही. डोकं फिरलं हिचं, असं घरातलेच हळू आवाजात बोलायचे. तू गेलीस, तो बोल मागे राहिला.

नात पुढचा प्रश्न वाचते, "शेपटी वेगळी दिसते, की कडेच्या परांतच मिसळून गेलेली?" आपल्या चुलीपुढचे प्रश्न, त्याच क्रमानं, कुणी छापून ठेवले होते? तलावातल्या तुझ्या माशाची गोष्ट सांगत मी उत्तरं देत गेलो, ती पानं उलटत गेली, आणि तुझी भिंत समोर उघडली. "लेप म्हणतात याले," ती म्हणाली. "पण आबाजी, हा तर समुद्रातला. आपल्याकडं कुठून येईल?" तू भंडाऱ्याच्या पलीकडे कधी गेली नव्हतीस.

लेप नेमका कोणता, हे ठरवणारा शेवटचा प्रश्न राहिला. मासा उलटा करून डोळे नसलेली, आंधळी बाजू पाहायची. लहानपणी मी तुला विचारलं होतं, त्याची दुसरी बाजू कशी होती. "ती त्यानं गाळाले देल्ली," एवढंच म्हणालीस.

नातीला तेच पुस्तक ठेव म्हटलं. मग इथवर लिहिलेला हा कागद घेऊन उन्हं कलताना तलावावर गेलो. तू खरं सांगत होतीस, हे तिथं मोठ्यानं म्हणायचं आणि कागद पाण्यात सोडायचा, असं ठरवलं होतं. वारा नव्हता. पायाशी गाळ जरासा हलला.

मी खाली पाहिलं नाही, माय. कागद खिशात घालून घरी आणला आणि या शेवटच्या ओळी दार लावून लिहिल्या.