एका तंबूत अबोला

११ जानेवारी, गुरुवार

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही! शनिवारी स्कॉटलंड. जानेवारीत. तंबूत! जिला लेस्टरच्या बसस्टॉपवर थंडी सोसत नाही, ती बाई आता बर्फावर झोपणार.

कारण मनीषा. पुढच्या आठवड्यात ती कायमची पुण्याला चाललीय, आणि जाण्याआधी तिला क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचंय. म्हणजे पायांना लांब फळ्या बांधून बर्फात मैलोन्‌मैल चालायचं. शेवटची ट्रिप, चौघं हवेतच म्हणे. हरीश, त्याची बायको ईरा, मनीषा आणि मी. जुनी चौकडी.

अडचण एवढीच की दिवाळीपासून माझा तिच्याशी अबोला आहे. राजीनामा, फ्लॅटची नोटीस, तिकीट, सगळं उरकल्यावर मला कळलं, तेही हरीशकडून! माझ्या घरी येऊन न विचारता फ्रिज उघडणारी बाई ही! बरं, मी सरळ भांडावं की नाही? नाही. गप्प बसले. वय बेचाळीस, अक्कल तिसरीतली.

१३ जानेवारी, शनिवार

पोचलो. केअर्नगॉर्म्सचे डोंगर, पाइनची झाडं, गुडघाभर बर्फ. दोन तंबू. एक नवराबायकोचा. दुसरा... हे मला सुचलंच नव्हतं! अबोला धरणाऱ्याने आधी झोपायची सोय बघावी.

तंबू उभारताना मी म्हटलं, "हरीश, तिला सांग, दोरी ओढ." तिकडून आलं, "हरीश, हिला सांग, दोरीवर तीच उभी आहे."

हरीश म्हणाला, "मी इंजिनिअर आहे गं, पोस्टमन नाही."

मनीषाने पिठलं केलं, हातमोजे घालून. मी ईराला सांगितलं, बरं झालंय म्हणून. दोनदा वाढून घेतलं.

१४ जानेवारी, रविवार, सकाळी

खोबरेलची बाटली काखेत धरून झोपले. गोठली होती. आता विरघळलीय!

त्याचं असं की फळ्यांना खालून मेण लावतात. मेण मनीषाच्या बॅगेत. कसं लावायचं तेही तिलाच माहीत, तिने क्लास केलाय. म्हणजे विचारणं आलं. त्यापेक्षा आपलं खोबरेल काय वाईट? आई कुरकुरणाऱ्या दाराला आणि बाबांच्या गुडघ्याला तेच लावायची.

संध्याकाळी

ते मेण घसरायला नसतं. चढावर पकड मिळावी म्हणून असतं. हे आता मला माहीत आहे.

सपाटीवर मी सगळ्यांच्या पुढे! हरीश ओरडला, "आसावरी, तू तर छुपी रुस्तम!" मी लगेच हवेत. मग चढ आला. चार पावलं वर गेले आणि उलटी निघाले, पाठमोरी, हात पसरून. मागून मनीषा येत होती. ओरडायला हवं होतं, "मने, बाजूला हो!" मी काय ओरडले?

"हरीश! तिला सांग, बाजूला हो!"

हरीशने बिचाऱ्याने सांगितलंही. तोवर आम्ही दोघी एकमेकींच्या फळ्यांत अडकून झुडपात. पाठीत बर्फ. लागलं नाही कुणाला. ईरा खाली बसून हसत होती.

मनीषा हसली नाही. माझी टोपी उचलून झटकली, माझ्या डोक्यावर घातली, कानांवरून खाली ओढली. "नारळाचा वास येतोय," म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. मला रडू आलं. ही गेल्यावर माझी टोपी कोण ओढणार? ईराला सांगितलं, थंडीने डोळ्यांतून पाणी येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

तंबू आवरताना मनीषाने डबा उघडला. तिळाचे लाडू, थंडीने दगड झालेले. एक माझ्यापुढे धरला. आज नाही बोलायचं तर कधी? म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू थांब म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि मी थांबले असते."

म्हणजे दिवाळीपासून मी जो बाणेदारपणा करत होते, तो तिच्या सोयीचाच होता! एक शब्द पुरला असता. मी नेमका तोच गिळून बसले होते.

दुपारी, गाडीत

हरीश चालवतोय. ईरा पुढे झोपलीय. आम्ही दोघी मागे. पर्थ शहर मागे पडलं तेव्हा म्हटलं, "मने, थांब ना."

ती पुढच्या सीटकडे वाकली.

"हरीश, हिला सांग, विचार करते."