मोहोराखालची गाडी

मी आनंदराज व्यंकटी सोनकांबळे, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, पण गाडीचा विषय निघाला की माझी मलाच खात्री वाटत नाही.

१. घर व अंगण माझी पत्नी सरजाबाई हिच्या नावे. अंगणातलं आंब्याचं झाड तिनं लावलेलं आहे. ते कोणी तोडू नये.

२. पांढरी गाडी मुलगा सुगत यास. तो नांदेडला नोकरीस असतो.

हे कलम रद्द. गेल्या रविवारी तो आला, बॉनेटवर मोहोराचा पिवळा पराग बघितला आणि कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसला. ओरखडे पडले. वर म्हणतो, "बाबा, झाडच काढून टाकू, किटकिट मिटंल." सही.

३. मग गाडी मुलगी प्रियदर्शनी हिला. गाडी तिनेच घेऊन दिली, वर चकचकीत कोटिंगही करून दिलं. पुण्याहून फोनवर सांगते: कोरडं पुसू नका, उन्हात धुऊ नका, भांड्याचा साबण लावू नका. पराग तसाच राहू देऊ नका आणि बोअरचं पाणी वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात. नळाला पाणी कधी येतं हे लातूरकराला विचारा. कोटिंगवाला तर म्हणाला होता, आता धुवायची कटकट नाही. मग हे मी काय करायलोय?

हेही रद्द. तिचं म्हणणं, माझ्या मागं घर विकावं आणि आईला पुण्याला न्यावं. सरजाबाई म्हणाली, "म्या न्हाई येत. फ्लॅटात मोहोर येतोय व्हय?" सही.

४. गाडी धुण्याची आम्हा दोघांना जमलेली रीत लिहून ठेवतो. सकाळी, सावलीत, बॉनेट गार असताना सरजाबाई तांब्याने टपावरून पाणी सोडते. हात लावायचा नाही. पराग भिजून ओघळला की मी गाडीच्या शाम्पूचा फेस मऊ कापडाने वरून खाली, सरळ फिरवतो, जोर न लावता. ती पुन्हा पाणी ओतते, ते वाळायच्या आत मी टिपून घेतो. एकट्याचं काम नाही. मी म्हणतो, "हळू सोड." ती म्हणते, "अजून एसटीच चालवायलात व्हय?" दिवसभरात आम्ही सगळ्यात जास्त बोलतो ते याच वेळी. मी गेल्यावर ती कोणाशी बोलेल, या विचारानं माझी झोप उडाली आहे.

५. पान्यांची पेटी माझे कंडक्टर संगप्पा यांना. प्रवासी चढायच्या आत घंटी मारायची त्यांची सवय मी माफ केलेली नाही. तरी पेटी त्यांनाच.

६. गाडीचं शेवटचं. ती सरजाबाईच्या नावे. वकील म्हणाले, "पण बाईंना चालवता येत नाही." मला ठाऊक आहे, म्हणूनच देतो. तिला निलंग्याला बहिणीकडे जायचं झालं तर सुगत नाहीतर प्रियदर्शनी, एकाला गाडी चालवायला घरी यावं लागेल. आधी गाडी धुवावी लागेल. पाणी ती ओतेल.

सरजाबाई तांब्या घेऊन बाहेर उभी आहे, म्हणून इथेच थांबतो.

सही: आ. व्यं. सोनकांबळे
साक्षीदार: अमृतराव बिरादार, शेजारी (सही)
वीरेश स्वामी, शेजारी (सही)
स्थळ: लातूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५