पदकाच्या काठावरचं नाव

अण्णा,

काल मायला घेऊन पुन्हा बीडला गेले होते. तिसरा हेलपाटा. लढाईत पदक मिळवलेल्या आसपासच्या जवानांची नावं कोरून शाळेसमोर दगड बसवतायत. तुमचं नाव सगळ्यांना तोंडपाठ, पण समितीला पुरावा हवा. ट्रंकेतले कागद वाळवीने कधीच खाल्ले. उरलं ते पदक, आणि त्याच्या काठावर नाव नाही. माय ऐंशीच्या पुढे गेली आहे. डोळे पुरते जाण्याआधी तिला दगडावर तुमचं नाव बघायचं आहे. मी मात्र थकले हो. एसटीतून तिला उतरवून घेतानाच माझा अर्धा दिवस संपतो.

तुमची ही लेक तेव्हा दुसरीत होती. तुम्ही सुट्टीवर आलेले, आणि सव्वीस जानेवारीला शाळेत तुमचा सत्कार ठरलेला. आदल्या दुपारी तुम्ही घाटनांदूरला बाजाराला गेलात, माय शेतात. मी ट्रंक उघडते, पदक बाहेर काढते. काठावर बारीक ओरखडे दिसतात. इंग्रजी अक्षरं मला कुठली ओळखू येणार! एवढी नवी वस्तू, उद्या सगळ्या गावासमोर छातीवर लागणार, म्हणून जीव हळहळतो. चिंचोका घासावा तसा तो काठ अंगणातल्या दगडावर गोल फिरवत घासत बसते. ओरखडे जातात. आपण फार मोठं काम केलं असं वाटतं.

"कावून घासलं गं? माझं नाव होतं त्याच्यावर!" संध्याकाळी तुम्ही मायवर ओरडलात. खांद्यात गोळी घेऊन आल्यावरही कधी हूं की चूं न केलेला माणूस, पण त्या दिवशी तुमचा आवाज फाटला होता. मायने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "चुकलं माझं. मला वाटलं, डाग हाय." सुट्टी संपेपर्यंत तुम्ही तिच्याशी धड बोलला नाहीत. आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी मोठी झाले, आणि तुम्ही गेलात. माझी मलाच लाज वाटते. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि वाचून दाखवावं तर घरात ऐकणारी ती एकटीच.

काल बीडला समितीच्या साहेबाने भिंगातून काठ तपासला. माणूस चांगला, आम्हाला चहा पाजला. लष्कराच्या जुन्या दप्तराला पत्र टाकतो म्हणाला, पण वेळ लागेल. मग विचारलं, "आजी, नाव कुणी घासलं हो?"

"म्याच, साहेब. अडाणी बाई, मला काय कळतंय?"

तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलेली मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, अण्णा. कालही मी काही बोलले नाही.