माझं लाल कुलूप

४ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडी शाईत नाचून गेल्यासारखं! उजवं मनगट प्लास्टरात, डोक्याला टाके. त्या दुपारचं काही धड आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, "रोज चार ओळी लिहा, हळूहळू आठवेल." आजच्या चार ओळी — मी जिवंत आहे. घरी आहे. बायको रागावतेय. सगळं छान चाललंय.

५ फेब्रुवारी

सुपरवायझर भेटायला आला. खुर्चीच्या टोकावर बसला, जणू खुर्ची चावणार! त्याच्याकडून कळलं ते असं.

खडी क्रशरवर, खालच्या भुयारातल्या बेल्टच्या मागच्या पुलीचा बुश मी आणि सूनबाईनं (माझ्याच हाताखाली कामाला आहे ती) बदलला. काम संपवून वर आलो. ती हत्यारं पुसायला गेली, आणि मी म्हणे चष्मा खाली राहिला म्हणून एकटाच परत उतरलो. सांडलेल्या खडीवरून पाय सरकला, डोकं लोखंडावर आपटलं नि आडवा झालो तो थेट बेल्टवर. पुलीच्या तोंडाशी! वर सगळ्यांना वाटलं, म्हातारा चहाला गेला.

गाड्या खडीसाठी खोळंबल्या होत्या. सुपरवायझर ओरडला, "काढा कुलूप, बेल्ट सोडा!" (हे त्यानं स्वतःच सांगितलं. मान खाली घालून.) सूनबाई म्हणाली, "मिस्त्री डोळ्यांना दिसल्याशिवाय कुलूप निघणार नाही." हा कुलूप तोडायचा कटर आणायला निघाला, तर ती मेन स्विचच्या पॅनेलला पाठ लावून उभी राहिली. मग कुठे शोधाशोध झाली.

जाताना म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या घरचं कुलूप होतं म्हणून वाचलात."

खरंय रे बाबा. माझं लाल कुलूप! जन्मभर कानीकपाळी ओरडलो — खाली उतरायचं तर मेन स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावा, किल्ली आपल्याच खिशात. दुसऱ्याच्या कुलपावर जीव सोपवू नका. लोक हसायचे, 'कुलूपबुवा' म्हणायचे. हसा आता!

६ फेब्रुवारी

झोप छान लागली. देवा, उपकार आहेत तुझे.

७ फेब्रुवारी

आज सकाळी दाढी करताना — म्हणजे चिरंजीव करत होते, मी जीव मुठीत धरून बसलो होतो — एकदम आठवलं. घाई! सकाळपासून त्या सुपरवायझरची घाई. "मिस्त्री, बुशाला थोडं ग्रीस फासा ना, सरकन जाईल!"

मी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "कोरडाच बसतो तो." आणि फडक्यानं बुश पुसला, पुलीचं भोकही पुसलं. माझंच वाक्य! बुश निमुळता असतो. बोल्ट आवळले की पाचरीसारखा आत ओढला जातो आणि शाफ्टला घट्ट धरतो. ग्रीस लावलं तर वाटतं, वा, काय सुरेख गेला! जातो तो नको तेवढा आत जातो नि पुलीचं तोंड तडकतं. हातोडा तर हातातच घ्यायचा नाही. समोरासमोरचे बोल्ट, थोडे थोडे, टॉर्कच्या पान्यानं. पाना 'टक' म्हणाला की थांबायचं. माणसानंही एवढं ऐकावं.

बेल्टला ताण देणारं वजन तिनं आधीच साखळीनं बांधलं होतं. मी सांगितलं नव्हतं. वीज बंद केली तरी ते वजन बेल्ट ओढतंच, हे भलेभले विसरतात.

एवढं सगळं लख्ख आठवलं. पॅनेलपाशी काय केलं, ते मात्र नाही.

९ फेब्रुवारी

सूनबाईला विचारलं, "पॅनेलवर किती कुलपं होती गं तेव्हा?"

"एकच."

शाब्बास! म्हणजे काम झाल्यावर हिनं तिचं काढलं होतं. नियमच आहे. ज्याचं काम संपलं त्यानं आपलं काढायचं, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. राहिलं ते माझं. मी म्हटलं, "बघ, शिकवलेलं वाया नाही गेलं."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग "हं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. ही पोर मुळात मितभाषीच.

११ फेब्रुवारी

मॅनेजर साहेब आले. फळं आणली. माझं मनगट आता जड पाना पेलणार नाही हे त्यांनाही कळलंय, मलाही. विचारलं, "तुमच्या जागी मिस्त्री कोण? तुमच्या सूनबाईंना द्यावी म्हणतो. तुमचा शब्द हवा."

मी म्हणालो, "हात चांगला आहे. पण कच्ची आहे अजून. वर्षभर जाऊ द्या." घरचं माणूस म्हणून पुढे केलं असं कोणी म्हणायला नको! साहेब म्हणाले, "विचार करा, पुन्हा येतो." दारात सूनबाई चहा घेऊन उभी होती. ऐकलं असणार. कप ठेवला नि गेली.

साहेब गेल्यावर बायकोनं फैलावर घेतलं. "कौतुकाचा एक शब्द काढला तर दात पडणारेत का तुमचे?" दात तसेही हलतातच, म्हटलं. हसली नाही.

१२ फेब्रुवारी

बायकोचा अबोला. चहा मात्र वेळेवर.

१३ फेब्रुवारी

सूनबाई कामावरून आल्या आल्या म्हणाली, "बाबा, बेल्ट चालवून झाल्यावर पुन्हा थांबवला. बुशाचे बोल्ट तपासले. दोन किंचित फिरले." (कामावर मला 'मिस्त्री' म्हणते, उंबरठा ओलांडला की 'बाबा'.) बरं वाटलं. एकदा आवळलं म्हणजे झालं असं नसतं, चालवून पुन्हा बघावं लागतं. निम्मे लोक इथेच आळस करतात.

म्हटलं, "येताना माझं कुलूप घेऊन ये. घरात ठेवू. त्यानं जीव वाचवला माझा."

"ते कामावर लागतंय, बाबा."

लागतंय? माझं कुलूप? कोणाच्या बापाची पेंड आहे! दुसऱ्याचं कुलूप वापरतात म्हणजे काय! चांगलाच तडकलो. ती आपली डबा धुवायला मोरीकडे गेली.

१५ फेब्रुवारी

टाके निघाले. सूनबाई सुट्टी घेऊन बरोबर आली, रिक्षात माझा हात सांभाळून धरला. नशीबवान आहे मी. खोटं कशाला बोलू.

उद्या साहेब यायचेत. वर्षभर थांबा म्हणणार. मन खात होतं, पण ठरलंय.

१६ फेब्रुवारी

बायकोनं माझी कामाची पिशवी धुवायला काढली. तळाशी माझं लाल कुलूप निघालं. उघडं. किल्ली त्यातच.

लावलंच नव्हतं मी! त्या घाईत... लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पॅनेलवर एकच कुलूप होतं — सूनबाईचं. इतके दिवस मी तिच्यासमोर बढाया मारल्या, नि तिनं एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही.

साहेब बाहेर येऊन बसले होते. सूनबाई आत चहा ठेवत होती. मी बाहेर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "मिस्त्री, जरा बाहेर या!"

ती दारात आली आणि मागे वळून बघायला लागली, मी कोणाला हाक मारली म्हणून.