तिसरी हाक

५ जानेवारी
आलो एकदाच्या. जेम्सटाऊन गावापासून चौदा मैलांवर, खडीच्या रस्त्यावरचं भाड्याचं घर, मागे गोठलेलं तळं, आणि माझ्या लेकीला, ब्रिटला, तिची स्वतःची खोली. नऊ वर्षांची घोडी, पण दिवसभर त्या खोलीचं दार उघडून लावून बघत होती. जजबाईंनी मला साफ सांगितलंय: सहा महिने एक घर, एक नोकरी टिकवून दाखव, मग पोर तुझी, नाहीतर ती बापाकडे फार्गोला. टिकवीन. नाक घासावं लागलं तरी टिकवीन. रात्री ओव्हनमध्ये खिम्याचं हॉटडिश केलं, वर बटाट्याचे गोळे जास्त करपवले. ब्रिटला तसेच आवडतात.

६ जानेवारी
कामाचा पहिला दिवस छान गेला. आसपासच्या अकरा लहान दवाखान्यांची यंत्रं आमच्या डेटा सेंटरला जोडलेली आहेत. पेशंटच्या छातीचे ठोके आमच्यामार्फत नर्सच्या पडद्यावर जातात. म्हणून इथे एकटं-दुकटं काहीच नाही. जनरेटर दोन, एसी दोन, कॉफीची यंत्रंसुद्धा दोन. हे ठोके पुढे धाडणारे मुख्य स्विचही दोन, एकावर एक, जाड केबलने बांधलेले. बाहेरून बघणाऱ्याला तो एकच वाटतो. पहिला काम करतो, दुसरा सगळी माहिती घेऊन तयार बसतो. दुसरा पहिल्याला एका वेगळ्या बारीक तारेवरून सारखं विचारतो: आहेस का? तीन हाकांना उत्तर आलं नाही की पहिला मेला समजायचं आणि त्याची जागा घ्यायची. मेलेला नंतर जिवंत झाला तरी त्याला जागा परत मिळत नाही. तो दुसरा होऊन बसतो.

आमचा साहेब, डेल ऑस्टबी, म्हणाला की इथे माणसांनाही हाच नियम आहे. माझी जोडी ट्वायला ब्रँडवोल्ड. नऊ ते पाच, दर दोन तासांनी ती मला फोन करणार: आहेस का? मी म्हणायचं: आहे. मला हसूच आलं. डेलला नाही आलं.

९ जानेवारी
ही ट्वायला नऊ वर्षं दुसरीच आहे म्हणे. तोंडावरची माशी हलत नाही. मी घरचे लिंबाचे बार नेले तर म्हणाली, ठेव तिथे, आणि माझ्या खुर्चीकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावरचा व्हर्न खवचट आहे. म्हणतो, तुझ्या आधीची कुठे गेली विचारू नकोस बाई, ती गेलेली नाही, फक्त आम्हाला कुणाला आठवत नाही.

जोडीच्या वहीत घरचंही लिहावं लागतं. मुलीला शाळेतून कोण आणतं, ती काय खाते, झोपताना काय म्हणावं लागतं. मी डेलला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, अर्धवट माहितीवर जागा घेता येते का? आता साहेबाशी कुठे वाद घाला. लिहिलं सगळं.

१७ जानेवारी
आज बारीक तार नवी टाकली. तिच्यासाठी भिंतीकडून तारा नेण्याची वेगळी पन्हाळ आहे, पण ती वाट लांबची आणि गचाळ. मी ती जाड केबलच्याच पन्हाळीत घातली, दोन्ही एकत्र छान बांधल्या. ट्वायला उभी राहून बघत होती.

२० जानेवारी
ट्वायलाने माझ्यासारखे केस कापलेत. व्हर्नला म्हटलं तर म्हणाला, बरे दिसतात की तुला.

२८ जानेवारी
मेले मी. एसीवाल्यांच्या हातून छताची फळी त्या पन्हाळीवर पडली. दोन्ही तारा एकदम तुटल्या. मग काय, हाक नाही आणि उत्तर नाही, म्हणून दुसऱ्याला वाटलं पहिला मेला, तर पहिला जिवंतच. दोघेही मालक, दोघेही हुकूम सोडतायत. तीन दवाखान्यांचे पडदे अकरा मिनिटं काळे. कुणी दगावलं नाही, हे नशीब. बावळटपणा सर्वस्वी माझा. पहिल्या वर्षाचं पोरही असं करत नाही.

सगळं धड करेपर्यंत चार वाजले. फोन यंत्रांच्या खोलीत नेता येत नाही, तो कपाटात होता. बघितला. अकराची हाक, एकची, तीनची. तिन्ही ट्वायलाच्या.

त्याच दिवशी, नंतर
शाळेत गेले. बाई म्हणाल्या, ब्रिटला तिची आई घेऊन गेली. घरी माझ्या स्वयंपाकघरात ट्वायला, माझा एप्रन, ओव्हनमध्ये हॉटडिश, वरचे गोळे करपवलेले. ब्रिटने माझ्याकडे बघितलं आणि तिला विचारलं, आई, या कोण? ट्वायला म्हणाली, कामावरच्या आहेत, माझ्या जोडीच्या. मी ओरडले. ब्रिट तिच्यामागे लपली. माझ्याच पोटची पोर मला घाबरली.

२९ जानेवारी
डेल म्हणाला की तुझी जागा ती दुसऱ्या टेबलाची, कायम तिथेच बसत आलीस. बिल्ल्यावर फोटो माझा आहे, खाली नाव ट्वायलाचं. व्हर्नला विचारलं, मी जनेल ना रे? म्हणाला, बस कर बाई, तुझं दर हिवाळ्यात हेच.

३ फेब्रुवारी
आता हाका मी घालते. आहेस का? पलीकडून माझाच आवाज म्हणतो, आहे. दिवसातून पाच वेळा. मला त्या वहीत रोज वाचायला मिळतं, ब्रिटचा दात पडला, ब्रिटला सर्दी झाली. माझ्या लेकीचं मला वहीतून कळतं. जीव नुसता जळतो.

पण नियम तर नियम. तिच्या तीन हाका चुकल्या तर जागा माझी.

१० फेब्रुवारी, सकाळ
ट्वायलाची आज सुट्टी आहे, पण सुट्टीच्या दिवशीही हाका घालायच्याच असतात. बाराला गावात सामान घेऊन घरी जाणार, वहीतच लिहिलंय. ब्रिट शाळेत तीनपर्यंत. घराच्या रस्त्यावर मधले दहा मैल फोनला रेंज नाही. पहाटे घरापाशी जाऊन तिच्या गाडीच्या रेडिएटरच्या नळीचं कडं सैल करून आले. गावापर्यंत येईल, परत जाताना बंद पडेल. बाहेर उणे सव्वीस. मरणार नाही ती, दिवा-ब्लँकेट सगळे ठेवतात गाडीत. नुसत्या तीन हाका चुकवायच्यात. नुसत्या तीन.

अकरा — आहे म्हणाली.

एक
उत्तर नाही. एक.

वारा वाढलाय. खिडकीतून पार्किंग दिसत नाही.

तीन
उत्तर नाही. दोन.
व्हर्न जाता जाता म्हणाला, जनेल, कॉफी घेणार? जनेल म्हणाला. रडू आलं मला.

४:१०
शाळेचा फोन. थेट मला. ब्रिटची आई ना, म्हणाल्या. हो म्हटलं, हो, मीच. बाई म्हणाल्या, वादळामुळे शाळा बाराला सोडली, तेव्हा तुम्ही तिला घाईघाईत घेऊन गेलात, तिचे हातमोजे आणि बूट इथेच राहिलेत —

बाराला. त्या गाडीत.

चार तास —

४:१४
शेरीफकडे कळवलं. रस्ता बंद, बर्फ हटवणारा नांगर-ट्रक सहाशिवाय निघत नाही म्हणे. डेल म्हणतो पाचपर्यंत हलू नकोस, पाचला जागा तुझीच आहे. जागा घेऊन काय करू, ती पोर जर —

निघाले. ब्लँकेटं घेतली. पाचची हाक घालायला इथे मी नाही, उत्तर द्यायला ती नाही —

४:५२
सहावा मैल. काही दिसत नाही. गाडीतून उतरून हाका मारल्या. ब्रिट, आहेस का. ब्रिट. एक. काही नाही. पुन्हा मारली, दोन. आता तिसरी — नको, तिसरी नको, तिसरी मारली आणि जर